दोन मजल्यांच्या मध्ये

(तळघरातली कंट्रोल रूम. मेहुणा कॉम्प्युटरसमोर बसलाय. दाजी लिफ्टमध्ये अडकलेत. त्यांचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येतो.)

मेहुणा: नाही घेत, दाजी. परत सांगा. सावकाश सांगा.

दाजी: तुझ्या ताईचं नाव. पहिलं अक्षर मोठं. पुढे आमच्या लग्नाचं साल.

मेहुणा: तेच टाकलं. चुकीचा पासवर्ड म्हणतोय.

दाजी: साल बरोबर टाकलंस का?

मेहुणा: तुमच्या लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेत नाक पुसत उभा आहे मी. ते साल मला तुमच्यापेक्षा पाठ आहे.

दाजी: मग ते नसेल.

मेहुणा: नसेल म्हणजे? पासवर्ड बदलला तुम्हीच ना?

दाजी: मीच. सकाळी, तू यायच्या आधी.

मेहुणा: सकाळी बदलला आणि दुपारच्या आत विसरलात?

दाजी: घाईत बदलला रे. वरून फोन चालू होता, रिसीव्हर खांद्यात धरून एका हातानं टाइप. तू उलटतपासणी घेऊ नकोस. इथला पंखा बंद पडलाय.

मेहुणा: दिवा आहे ना?

दाजी: आहे एक. नसल्यासारखाच.

मेहुणा: दार हातानं उघडायला जाऊ नका. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये आहात. उघडलंत तरी समोर भिंतच दिसेल.

दाजी: हे तू मला शिकवतोस? ती सूचना मीच चिकटवलीय इथं. माझ्या नाकासमोर आहे. "घाबरू नका, मदत येत आहे."

मेहुणा: मग वाचत राहा. आणि मी सांगतो ते ऐका, काही मार्ग सुचला तर बोला. वीज गेली, आली. तुमची लिफ्ट अडकली आणि इकडे कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. सकाळपासून उघडाच होता, म्हणून पासवर्ड बदलल्याचा मला पत्ताच नव्हता. आता आत शिरल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. बरं, गच्चीवर जाऊन मशीनरूममधून हातानं ब्रेक सोडावा, तर तिची चावी...

दाजी: माझ्या कमरेला.

मेहुणा: हेल्पलाइनला फोन केला. ती मुलगी म्हणते, सुपरवायझरच्या मोबाइलवर नंबर पाठवते, तो टाका. मोबाइल...

दाजी: खिशात. रेंज नाही.

मेहुणा: आणि मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच कुणाच्या लिफ्टखाली आडवा झालाय. दोन तास तरी लागतील म्हणाला. थोडक्यात, सगळं तुमच्यापाशी आणि तुम्ही पेटीत.

दाजी: दोन तास नाही जमायचं. मला वर जायचंय.

मेहुणा: थांबतील की वरचे साहेब. लिफ्ट अडकली हे काय तुमच्या हातात आहे?

दाजी: आपल्या गाडीचा नंबर टाकून बघ.

मेहुणा: नीट आठवतंय का? पाच वेळा चुकलं की तासभर कुलूप लागतं. एकदा मी जुना टाकला, दोनदा तुमचे. म्हणजे तीन झाले.

दाजी: मग गाडीचा नको टाकू.

मेहुणा: बघा, मी म्हटलं म्हणून बदललंत. आठवत काहीच नाहीये तुम्हाला.

रिसेप्शनवाली: आहेत का हो जिवंत?

मेहुणा: या, बाई. तुम्हीच विचारा. बटण दाबलेलंच आहे, ऐकू जातंय त्यांना.

रिसेप्शनवाली: सुपरवायझरसाहेब, वरून तिसरा फोन आला. कर्मचारी विभागाच्या बाई कागद मांडून बसल्यात म्हणे, तुमच्या सहीसाठी. मी सांगितलं, साहेब लिफ्टमध्ये आहेत. तर त्या म्हणाल्या, लिफ्टमध्ये माणूस किती वेळ असतो? म्हटलं, आज जरा जास्त.

दाजी: सांगा, येतोय म्हणून.

रिसेप्शनवाली: येताय कसले, टांगलेले आहात. पण घोडं अडलंय कुठं? मागच्या वेळी तर ह्यानं दोन बटणं दाबून त्या कुरियरवाल्याला सोडवलं होतं.

मेहुणा: दाजींनी पासवर्ड बदललाय. आणि विसरलेत.

रिसेप्शनवाली: अगंबाई. पासवर्ड बदललाय? मग ह्या वेळी कुणाची पाळी?

दाजी: कुणाची नाही. बाई, तुमचा टेलिफोन वाजत असेल वर.

रिसेप्शनवाली: वाजू दे, त्याला काम काय दुसरं. कुणाची नाही कसं? स्टोअरकीपर गेला त्या सकाळी त्याचा बदलला होता. त्या हसऱ्या अकाउंटंटचं तेच. बिचारी अर्धी सकाळ स्वतःलाच विसरभोळी म्हणत बसली होती, मला म्हणाली, वय झालं का गं माझं? जेवणाच्या सुट्टीनंतर तिला वर बोलावलं. आपल्याकडे आधी पासवर्ड जातो, मग माणूस जातो. झाडूवालीला विचारा, तीसुद्धा सांगेल.

मेहुणा: ह्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघंच बसतो. मी आणि रात्रपाळीवाला.

रिसेप्शनवाली: मग तोच. झोपतो म्हणे खुर्चीत. गार्ड सांगत होता, घोरण्याचा आवाज पार्किंगपर्यंत येतो. पण वाईट वाटतं हो. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, दिवसा तिचं करायचं आणि रात्री इथं यायचं. झोपेल नाहीतर काय करेल? जाते मी. साहेब, घाम पुसा, खाली बसा, दीर्घ श्वास घ्या. माझ्या नणंदेला असंच होतं बंद खोलीत.

मेहुणा: गेल्या त्या. दाजी?

दाजी: बोल.

मेहुणा: रात्रपाळीवाला जातोय होय? मला म्हणाला नाहीत काही.

दाजी: तू पासवर्डचं बघ.

मेहुणा: बघतोय. पण त्याला निदान आठवडाभर आधी कल्पना द्यायची. परवाच मला म्हणत होता, आईसाठी बाई ठेवणार आहे दिवसाची. त्या तयारीला लागला असेल माणूस, आणि तुम्ही...

दाजी: छोट्या.

मेहुणा: हां.

दाजी: काही नाही. टाक काहीतरी.

मेहुणा: एक मिनिट. रात्रपाळीवाला जाणार असेल, तर नवा पासवर्ड मला माहीत असायला हवा. उद्याही मीच बसणार ना ह्या खुर्चीत? सकाळी आल्याआल्या तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितला असता. हळू आवाजात, इकडेतिकडे बघून. तुमची सवय मला माहीत आहे.

दाजी: विसरलो सांगायला.

मेहुणा: दाजी, सकाळी मी आलो तेव्हा तुम्ही ह्याच खोलीत होतात. मी नमस्कार म्हटलं. तुम्ही खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघत म्हणालात, आज ऊन फार आहे.

दाजी: आधी मला बाहेर काढ. मग बोलू.

मेहुणा: बाहेर काढलं की तुम्ही वर जाणार. सही करायला.

दाजी: छोट्या, इथं हवा कमी आहे रे.

मेहुणा: हवा भरपूर आहे. वरच्या जाळीतून येते, दर महिन्याला मीच साफ करतो ती. माझंच नाव आहे ना त्या कागदावर?

दाजी: ऐकतोयस ना मी काय...

मेहुणा: हो की नाही?

दाजी: हो.

मेहुणा: बरं.

दाजी: बरं काय? बोल काहीतरी.

मेहुणा: डब्याचा विचार करतोय. आज ताईनं माझ्यासाठी डबा पाठवला. माझं लग्न झाल्यापासून कधी पाठवला नाही. म्हणते, आता तुझी बायको आहे, मी मध्ये कशाला पडू. आज तुम्ही हातात ठेवलात. मी विचारलं, काय विशेष? तर म्हणालात, जास्तीचं झालं होतं.

दाजी: तिनं मुद्दाम केलं सगळं.

मेहुणा: म्हणजे तिला माहीत आहे.

दाजी: काल सांगितलं. सांगायला नको होतं असं वाटतंय आता. भांडली असती तर बरं झालं असतं. पहाटे उठून दोन डबे भरले, एवढंच.

मेहुणा: म्हणून फोन उचलत नव्हती सकाळपासून. मला वाटलं, चार्जिंग संपलं असेल. का, दाजी? एवढंच सांगा. झोपतो तो. मी आठ वर्षांत एकदाही खुर्चीत डुलकी काढलेली नाही. मागच्या आगीच्या वेळी चारही लिफ्ट खाली मी आणल्या.

दाजी: माहीत आहे मला. तसा रिपोर्ट मीच लिहिला होता.

मेहुणा: मग?

दाजी: असं आहे बघ. एक माणूस कमी करा म्हणून वरून आलं. नाव मी द्यायचं. त्याचं दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सगळी इमारत म्हणाली असती, बघा, मेहुण्याला वाचवला आणि आजारी आईच्या पोराला रस्त्यावर काढला. तू लागलास त्या दिवसापासून ऐकतोय मी ते. जिन्यात ऐकलंय, संडासात ऐकलंय. मेहुण्याची सोय लावली, मेहुण्याची सोय लावली.

मेहुणा: म्हणजे मेहुणा म्हणून लागलो आणि मेहुणा म्हणूनच सुटलो. मधल्या वर्षांत काम करत होता तो कोण होता?

दाजी: असं बोलू नकोस.

मेहुणा: कसं बोलू?

दाजी: शिवाय वाटलं, तू घरचा आहेस. समजून घेशील.

मेहुणा: हे बरं असतं घरच्या माणसाचं. परक्याला काढायचं तर कारण द्यावं लागतं, घरच्याला डबा दिला की झालं.

दाजी: छोट्या...

मेहुणा: मला राग आलाय, दाजी. खूप आलाय. आणि तुम्ही समोर असतात तर उठून बाहेर तरी गेलो असतो. आता तेही करता येत नाही. बाहेर गेलो तर तुम्ही एकटे पडाल.

दाजी: जा हवं तर.

मेहुणा: नाही जात. आणि नाव द्यायला नकार दिला असतात तर?

दाजी: विचारलं मी तेही. म्हणाले, मग दोघं जा. तुम्ही आणि तुमचा मेहुणा. दोन घरांचे पगार एकदम बंद. तुझ्या ताईचं काय, तुझ्या पोरीची शाळा कशी भागेल? निदान माझा चालू राहिला तर तुला दुसरीकडे लागेपर्यंत आमच्या घरी...

मेहुणा: पुन्हा तुमच्या घरी. पुढच्या खोलीत, कपाटाशेजारी. आई गेल्यावर आलो होतो तिथंच. ह्या वेळी बायको आणि पोरीला घेऊन.

दाजी: तेव्हा मी कधी कमी केलं का तुला काही?

मेहुणा: नाही केलंत. तेच तर अवघड आहे. कमी केलं असतंत, तर आत्ता मी आरामात चहा प्यायला गेलो असतो.

दाजी: मग काय करणार आहेस?

मेहुणा: आणि मी नुसता बसून राहिलो तर? पासवर्ड तुम्ही विसरलात, माझा त्यात काही दोष नाही. मेकॅनिक येईपर्यंत साहेब निघून जातील. सही राहील.

दाजी: उद्या परत येतील. कागद तोच असेल.

मेहुणा: हो. उद्या परत येतील.

दाजी: मी जरा खाली बसतो.

मेहुणा: काय झालं?

दाजी: काही नाही. घाम सुटलाय.

मेहुणा: आवाज असा का येतोय? दाजी, चक्कर येतेय का? छातीत दुखतंय?

दाजी: दुखत नाही. दडपल्यासारखं होतंय. ह्या गडबडीत गोळी राहिली सकाळची.

मेहुणा: कसली गोळी?

दाजी: अशीच. पित्ताची.

मेहुणा: तुम्हाला पित्त नाही. पित्त ताईला आहे. कसली गोळी?

दाजी: तू पासवर्डचं बघ म्हटलं ना.

मेहुणा: त्याचंच बघतोय. मला सांगा, सकाळी पासवर्ड ठरवताना डोक्यात काय होतं? काय टाकलं ते राहू द्या, विचार काय केलात ते सांगा.

दाजी: तुला माहीत नसेल असं काहीतरी हवं होतं. तसा नियमच आहे, जाणाऱ्याला ओळखता येऊ नये. बसून राहिलो बराच वेळ. आठवेल ते सगळं तुला माहीत. तारखा, नावं, गाडी, माझ्या आईचं माहेरचं आडनाव. तुला ठाऊक नाही असं घरातलं काही सापडेचना.

मेहुणा: मग?

दाजी: मग फोनवरच्या बाई म्हणाल्या, झालं का, झालं का. म्हटलं, टेबलावर दिसेल ते टाकावं. काहीतरी होतं समोर. अक्षर बघून अक्षर टाकलं. इंग्रजी होतं, पुढे आकडाही होता, म्हटलं बरं झालं, नियमात बसलं.

मेहुणा: टेबलावर आत्ता पेनांचा ग्लास आहे, कॅलेंडर आहे, टॉर्च आहे. टॉर्चवर कंपनीचं नाव आहे.

दाजी: टॉर्च नव्हे. हातात होतं काहीतरी. हातात धरून बघत होतो आणि...

मेहुणा: आणि?

दाजी: ड्रॉवर उघडू नकोस, छोट्या.

मेहुणा: गोळ्यांचं पाकीट होतं.

दाजी: उघडू नकोस म्हटलं ना. ताईला कळेल.

मेहुणा: उघडलं. हे होय? आतमध्ये स्टेपलरच्या डबीखाली लपवलंत. दाजी, ह्यातल्या अर्ध्याहून जास्त संपल्यात. ही आपल्या बापूकाकांना होती तीच गोळी ना? त्यांच्या उशाशी असायची.

दाजी: तीच असेल.

मेहुणा: हृदयाची.

दाजी: आहे थोडं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. दगदग नको म्हणाले.

मेहुणा: कधीपासून?

दाजी: झाले चार महिने. घरी ठेवली तर तुझी ताई शोधून काढेल, म्हणून इथं. आणि इथं कुणाला दाखवायची सोय नाही. एक माणूस कमी करायचाय म्हटल्यावर वर कळलं असतं, तर त्यांनी मला नाव विचारलंच नसतं.

मेहुणा: तुमचंच लिहिलं असतं.

दाजी: हो.

मेहुणा: म्हणजे माझ्या हातात आत्ता काय आहे, कळतंय ना तुम्हाला?

दाजी: कळतंय. म्हणूनच म्हटलं, उघडू नकोस.

मेहुणा: पहिलं अक्षर मोठं?

दाजी: काय?

मेहुणा: पासवर्ड, दाजी. पहिलं अक्षर मोठं टाकलंत की सगळीच मोठी? पाकिटावर सगळी मोठी छापलीत. दोनच वेळा टाकता येणार आहे.

दाजी: पहिलं मोठं. बाकीची लहान. नेहमी तसंच टाकतो.

मेहुणा: पुढे पन्नास. मध्ये जागा सोडलीत?

दाजी: नाही. शेवटी ते गोल शेपटीचं चिन्ह टाकलं. ईमेलमध्ये असतं ते.

मेहुणा: थांबा. नाही घेत.

दाजी: नीट बघ.

मेहुणा: बघतोय. एक अक्षर दोनदा आहे ह्यात, मी एकदाच टाकलं. आता शेवटचा. हे गेलं तर तासभर कुलूप, आणि तुम्ही तिथं तसेच. बोलू नका जरा.

दाजी: नाही बोलत.

मेहुणा: उघडलं.

दाजी: उघडलं?

मेहुणा: उघडलं. तुमची लिफ्ट दिसतेय मला इथं. लाल ठिपका, सहा आणि सातच्या मध्ये.

रिसेप्शनवाली: अहो, आता बाई स्वतः फोनवर आल्या होत्या. म्हणाल्या, साहेबांना अर्ध्या तासात निघायचंय, सुपरवायझर येणार आहेत की नाही एवढं सांगा. काय सांगू?

मेहुणा: बाई, हे पाकीट घ्या आणि टेबलावरची पाण्याची बाटली घ्या. दुसऱ्या लिफ्टनं जा आणि सातव्यावर उभ्या राहा. दाजी बाहेर आले की एक गोळी द्यायची. गोळी घेतल्याशिवाय कुठंही जाऊ द्यायचं नाही, साहेब दारात उभे असले तरी.

रिसेप्शनवाली: ही कसली गोळी?

मेहुणा: पित्ताची.

रिसेप्शनवाली: लिफ्टमध्ये पित्तच होणार. निघाले मी. आणि सातव्यावर का? सहाव्यावर आले तर?

मेहुणा: तसं झालं तर एक जिना उतरा. जा.

दाजी: छोट्या.

मेहुणा: बोला.

दाजी: पित्ताची म्हणालास.

मेहुणा: ताईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आज सांगायचं, जेवायच्या आधी. माझ्यासमोर शपथ घ्यायची गरज नाही, मी संध्याकाळी घरी येऊन बघणारच आहे.

दाजी: येशील घरी?

मेहुणा: डबा परत द्यायला नको? आता ऐका. लिफ्ट दोन्हीकडे जाते. खाली घेतली तर सहावा. तिथून जिना, फाटक आणि घर. वर घेतली तर सातवा. तिथं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. वर घेऊ की खाली?

दाजी: तू काय म्हणतोस?

मेहुणा: मी काही म्हणत नाही. बटणं माझ्यापाशी आहेत, मजला तुम्ही सांगायचा.

दाजी: खाली गेलो तर उद्या पुन्हा ह्याच लिफ्टमध्ये चढायचंय मला.

मेहुणा: हो.

दाजी: तू मला थांब म्हणालास तर थांबेन.

मेहुणा: तेही मीच म्हणायचं का, दाजी?

दाजी: वर घे.

मेहुणा: घेतो. कठड्याला धरून उभे राहा, सुरुवातीला हिसका बसेल. दार उघडलं की लगेच पाऊल टाकू नका, आधी जमीन बरोबरीला आली का ते बघा.

दाजी: हलली. छोट्या, हलली रे.

मेहुणा: दिसतंय मला.

दाजी: मी वर गेल्यावर तू काय करशील?

मेहुणा: बसेन इथंच. अजून माझी पाळी संपलेली नाही. आणि दाजी, खाली आलात की पासवर्ड बदला. आता तो मला माहीत झालाय.